झिरो माइलवरचं हाड

नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या वर काय काय ठेवलेलं असतं, याचा नीट अभ्यास अजून कोणी केलेला नाही. ढोबळमानाने सांगायचं तर लग्नात आलेला आणि अजून न उघडलेला डिनर सेट, हिवाळ्यात खाली यायच्या रजया, तान्ह्या पोळ्याचा एक चाक निघालेला लाकडी बैल आणि एक गिटार. गिटारीवर उशीचा जुना अभ्रा चढवलेला असतो. अभ्र्याच्या बाहेर फक्त डोकं राहिलेलं असतं, आणि त्याच्या खुंट्यांवर दर दिवाळीच्या साफसफाईत एक फडकं फिरतं. याला त्या घरात संगीताची आवड असं म्हणतात.

ही गिटार तिथे पोचते कशी, ती हकिगत धरमपेठेपासून नंदनवनापर्यंत एकच आहे. मुलगा दहावी झाला. त्याने हट्ट धरला. बर्डीवरून गिटार आली, क्लास लागला. ई मायनर जमला, जी जमला, सी ओढूनताणून जमला. मुलगा गच्चीवर बसू लागला, केस वाढवू लागला. मग एके दिवशी मास्तरांनी एफ मेजर दाखवला. यात पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवं टाकून दाबायचं असतं. मुलाने दाबलं. बोटावर सहा वळ उठले आणि गिटारीतून ‘थप्प’ एवढाच आवाज आला. त्याने अजून काही दिवस दाबलं. पुढे अकरावीची टेस्ट सिरीज आली, केस कापले गेले, अभ्रा आला. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, ‘‘याच्यात चिकाटीच नाही हो. पोहायचंही असंच सोडलं.’’

माझ्या मते या प्रकरणात मुलावर घोर अन्याय झालेला आहे. खरा दोषी अभ्र्याबाहेर डोकं काढून कपाटावर आरामात पडून आहे आणि त्याची एकदाही चौकशी झालेली नाही.

गिटारीच्या मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, एक पांढरी पट्टी बसवलेली असते. सुमारे ४३ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर जाड. तिला सहा खाचा, प्रत्येक तारेला एक. गिटारवाले तिला नट म्हणतात. स्वस्त गिटार कारखान्यातून निघते तेव्हा या खाचा मुद्दाम उथळ ठेवलेल्या असतात. उथळ खाचेतली तार उंच राहते, ती कुठे घासत नाही, खरखरत नाही, आणि दुकानात तक्रार येत नाही. मात्र तार उंच असली की पहिल्या फ्रेटपर्यंत तिला खाली आणायला भलतीच ताकद लागते. वर ती दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो तो वेगळाच. म्हणजे एवढं बळ लावून जे वाजतं तेही बेसूर. कारागिराने खाच अर्धा मिलिमीटर खोल केली की तोच एफ मेजर त्याच पोराला जमतो. आज नागपुरातून पुण्याच्या गाड्या भरभरून जे इंजिनीअर हिंजवडीला जातात, त्यांतले बरेचसे अर्ध्या मिलिमीटरने कलावंत व्हायचे राहिलेले आहेत.

नटाचं काम समजून घ्यायला नागपूरकराला गावाबाहेर जावं लागत नाही. १९०७ साली, इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळात उभारलेला झिरो माइलचा खांब आपल्या गावात आहेच. नट हा गिटारीचा झिरो माइल. तार किती लांबीची थरथरणार हे मोजायचं ते इथून, आणि मोजणी संपते ती पलीकडे ब्रिजवर. बऱ्याच गिटारींत हे अंतर ६४८ मिलिमीटरच्या आसपास असतं, त्याच्या मध्यावर बारावा फ्रेट. झिरोच चुकीच्या जागी रोवला, तर पुढची सगळी गावं चुकतात. नागपूरकराचं झिरो माइलशी जे नातं आहे तेच वादकाचं नटाशी. अभिमान आहे, पाहुण्यांना दाखवायला बरं आहे, पण मुद्दाम जाऊन कोणी बघत नाही. (झिरो माइलला चार घोडे आहेत. तंबोऱ्याचं एका घोडीवर भागतं. पण त्या घोडीकडे नंतर यायचं आहे.)

आता यातली खरी गंमत. नट कशाचा आहे याचा आवाजावर परिणाम होतो तो तार मोकळी वाजली तरच. कुठल्याही फ्रेटवर बोट ठेवलं की तार त्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत थरथरते. नट त्या व्यवहारातून बाहेर. तो मागे उभा राहून तारांना रांगेत ठेवण्याचं काम करतो, त्याच्या मालाचा आवाजाशी संबंध उरत नाही. एफ मेजरमध्ये तर सहाही तारा दाबलेल्या, म्हणजे नट पूर्ण रजेवर. आणि तरीही गिटारवाल्यांच्या जगात सर्वांत कडाक्याचं भांडण कशावर होत असेल, तर नट कशाचा असावा यावर.

हे भांडण ऐकायला सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जावं. दोन गिटारवाले भेटले की पहिली प्लेट संपेपर्यंत देशाचं राजकारण चालतं आणि दुसऱ्या प्लेटला नट निघतो.

‘‘प्लॅस्टिकचा हाय ना बे तुझा? काढून फेक. बोन टाक. सस्टेन येते.’’

‘‘येते म्हणजे किती येते?’’

‘‘बम येते.’’

सस्टेन म्हणजे छेडलेली तार किती वेळ वाजत राहते ते. ‘बम’ हे त्याचं नागपुरी एकक. हाडाच्या नटाने सस्टेन वाढतो यावर सगळ्या ठेल्यांचं एकमत आहे. वाढलेला सस्टेन एफ मेजर ‘थप्प’ वाजवणाऱ्याने कुठे ठेवायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

हाडाची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. पोकळ, स्वस्त प्लॅस्टिक मऊ असतं, तार त्यात रुतत जाते आणि मोकळ्या तारेचा आवाज मेल्यागत येतो. हाड कठीण, घट्ट, घासलं की गुळगुळीत होणारं. जनावराच्या पायाच्या नळीचं जाड हाड घेतात, त्यातली चरबी काढतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करतात आणि त्याच्या पट्ट्या कापतात. हाडाला पर्यायही पुष्कळ आहेत. पितळ आहे, आबनूस आहे, ग्रॅफाइट मिसळलेलं प्लॅस्टिक आहे. टस्क नावाचा कॅनडात तयार होणारा कृत्रिम पदार्थ आहे, ज्याची जाहिरात मानवनिर्मित हस्तिदंत अशी केली जाते. स्वयंपाकघरातल्या ओट्याला लावायचा कोरियन नावाचा कृत्रिम दगडही नटाला चालतो. म्हणजे घरात मॉड्युलर किचनचं काम निघालं तर उरलेल्या तुकड्यात पोराची गिटार होऊन जाईल. ही माहिती मी काही गृहिणींना दिली. त्यांनी ओट्याची चौकशी जास्त केली.

सगळ्यांवर कडी मॅमथची. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तेव्हा काही कारागिरांना सैबेरिया आठवला. तिथल्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या मॅमथांचे सुळे सापडतात. त्यांचे नट करून विकले जातात, आणि ते घेणारे लोक आहेत. हिमयुगात सैबेरियात एक प्राणी मरतो, हजारो वर्षं बर्फात पडून राहतो, आणि शेवटी त्याच्या नशिबी एखाद्याच्या वरच्या मजल्यावर तीच ती चार कॉर्डची गाणी लिहिलेली असतात. आपल्या अजब बंगल्यातल्या प्राण्यांकडे अजून कोणा गिटारवाल्याचं लक्ष गेलेलं नाही, हे १८६३ सालापासून चालत आलेल्या त्या संग्रहालयाचं भाग्यच.

हाड लागतं म्हटल्यावर नागपुरात कोणाच्या तरी डोक्यात सावजी येणारच. ‘‘आपल्याकडे नळ्यांना काय तोटा आहे? ताटातली उचलायची आणि घासायची,’’ असा सल्ला मी स्वतः ऐकलेला आहे. कल्पना विदर्भाच्या अस्मितेला धरून आहे, पण टिकत नाही. बोकडाच्या नळीचं हाड पातळ, त्यातून ६ मिलिमीटरची सरळ पट्टी निघत नाही. शिवाय हाडातली चरबी जायला हवी, आणि सावजी रश्श्यात शिजलेल्या हाडात बाहेरून तेल जातं. त्या नटावर बसलेली तार कितीही छेडली तरी तर्रीच सोडेल. नळी ज्या कामासाठी ताटात वाढलेली असते त्याच कामाला वापरावी, हे उत्तम.

या वादात एक माणूस कधी तोंड उघडत नाही, आणि नट प्रत्यक्षात तोच बसवतो. महालातल्या एका बोळात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे ओसरी. मूळ काम पेटीचे सूर आणि भाते. श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, आणि वर्षभर जे काही तुटकं येईल ते. गिटारी गेल्या काही वर्षांत वाढल्या. त्याच्याकडे गेलं की एका बाजूला पाय नसलेला बैल, दुसऱ्या बाजूला तारा नसलेली गिटार, आणि मधे हे गृहस्थ कानावर पेन्सिल खोचून. गिऱ्हाईक मोठ्या रुबाबात परदेशातून मागवलेला नट पुढे करतं. तो उलटसुलट पाहतो आणि बाजूला ठेवतो. मग गिऱ्हाइकाची गिटार मांडीवर घेऊन तिसऱ्या फ्रेटवर तार दाबतो आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते ते बघतो. कागदाचा कपटा जेमतेम जाईल एवढी फट हवी. तिथून मांजर जाईल अशी स्थिती असते.

‘‘भाऊ, नट जुनाच चांगला हाय,’’ तो म्हणतो. ‘‘कापनाऱ्यानं कापला नाई. नुसता बसवून देल्ला.’’

‘‘पण हा टस्कचा आहे. कॅनडाचा.’’

‘‘कॅनडाचा असो का कामठीचा. खाच कोन मारनार? थेच कॅनडावाले येनार काय?’’

खाच मारणं ही सगळी कला आहे, आणि दिसायला ती कानस घासण्याइतकीच दिसते. पहिली तार ०.३ मिलिमीटर जाडीची, सहावी सव्वा मिलिमीटरच्या वर. प्रत्येकीला तिच्या जाडीची खाच. अरुंद झाली तर तार अडकते. पीळ देताना काहीच होत नाही आणि मग एकदम ‘टिन्’ करून ती पुढच्या सुरावर उडी मारते. रुंद झाली तर तार आत डुलते. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे तार नटाच्या पुढच्या काठावरूनच सुटते. खाच सपाट राहिली किंवा उतार उलटा गेला, तर तार खाचेच्या तळावर थरथरत राहते आणि गिटारीतून सतारीचा आवाज येऊ लागतो. या झण्णकाराला गिटारवाले रोग समजतात. जगभरचे गिटार दुरुस्त करणारे या रोगाचं वर्णन करताना सतारीचंच नाव घेतात, हे मला आपल्याकडून परस्पर वसूल केलेलं एक देणं वाटतं.

यासाठी बाहेर कानशींचे खास संच मिळतात, एकेका तारेच्या जाडीचे, आणि त्यांची किंमत ऐकून माणूस बासरी शिकायचा विचार करतो. आमच्या कारागिराकडे वेल्डिंगच्या नोझलमधली घाण काढायच्या दातेरी तारा आहेत. वेगवेगळ्या जाडीच्या, गोल टोकाच्या, नटाच्या खाचेसाठीच जन्मल्या असाव्यात अशा. शिवाय गॅरेजमध्ये फट मोजायला वापरतात ती पात्यांची जुडी आहे, तिच्या कडांना त्याने स्वतः दात पाडलेत. खाच चुकून खोल गेली तर खायचा सोडा भरायचा, त्यावर फेविक्विकचा थेंब सोडायचा, क्षणात दगड होतो, परत कापायचं. तार अडकत असेल तर कानावरची पेन्सिल काढून खाचेत शिसं चोळायचं. ही यादी ऐकून वाटतं, गिटारीच्या दुरुस्तीला अर्धं सामान किराणा दुकानातून आणि उरलेलं पोराच्या दप्तरातून येतं. पण हे सगळे उपाय जगात सगळीकडे मान्यता पावलेले आहेत. आपल्याकडे केलं की जुगाड, तिकडे केलं की तंत्र, एवढाच काय तो फरक.

हाड घासताना येणारा वास दातांच्या डॉक्टरने दाढ कोरताना येतो तोच. त्यामुळे त्या ओसरीवर गिऱ्हाइकं एक हात गालावर ठेवून बसतात.

उरतो तो नागपूरचा उन्हाळा. लाकडी वाद्याला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, असं गिटार बनवणारे सांगतात. हे लिहिणाऱ्यांपैकी कोणी मे महिन्यात नागपुरात आलेलं दिसत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. २०२४च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. पुढे त्या केंद्राचा सेन्सर बिघडल्याचं जाहीर झालं. नागपूरकरांचं मत विचारलं असतं तर सेन्सर ठीक होता. अशा कोरड्या हवेत फ्रेटबोर्डाचं लाकूड आडवं आकसतं, फ्रेट धातूचे असल्यामुळे आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं मानेच्या कडेने बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. गिटारीची छाती खाली बसते, तारा खाली येतात, खरखर सुरू होते. जुलैत उलटं. पाणी पिऊन छाती फुगते, तारा वर चढतात, बोटं दुखतात. नटाचं हाड या सगळ्यात जागचं हलत नाही, पण ज्या लाकडावर ते बसलंय ते वर्षातून दोनदा पक्ष बदलतं.

आणि मधे कूलर. नागपूरकर मार्च संपता संपता कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरतो, खिडकीत कूलर चढवतो आणि जूनपर्यंत त्याच खोलीत राहतो. कूलर हवा गार करतो ते तिच्यात पाणी घालून. म्हणजे दारात १५-२० टक्के आर्द्रतेचं राजस्थान आणि दाराच्या आत कोकण. गिटार बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत नेली की चार पावलांत तिचा सबंध मोसम बदलतो. पोरगं गच्चीवर वाजवून खाली येतं, कूलरसमोर झोपतं, गिटार शेजारी. सकाळी सूर तपासतं तर सहाही तारा वेगवेगळ्या तालुक्यांत. कारागिराला हे पाठ आहे. मेमध्ये कोणी नट खोल करायला आणला तर तो हात लावत नाही. ‘‘पानी पडू द्या. आता कापली खाच अन् जुलैत बदलली हवा, मंग मलेच शिव्या.’’ पोळा झाला, दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबती निघाल्या, की हवा जरा स्थिर होते आणि त्याच्याकडे रांग लागते. यंदा मारबतीच्या मिरवणुकीत मी एका पोराला ‘‘नटाची खरखर घेऊन जा गे मारबत!’’ असं ओरडताना ऐकलं. गर्दीतल्या कोणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी साथ दिली.

या सगळ्याचा स्फोट झाला तो लक्ष्मीनगरात, आमच्या शेजारच्या काकूंकडे. काकू गाणं शिकवतात. घरात मिरजेचा तंबोरा, सासऱ्यांच्या वेळचा. त्याच घरात नातू, आणि नातवाची गिटार. तंबोऱ्याची जवारी उतरली म्हणून काकूंनी कारागिराला घरी बोलावलं होतं, आणि नातवाने त्याच फेरीत आपला नट उरकून घ्यायचं ठरवलं होतं. कारागिराने पिशवीतून हाडाची पट्टी काढून चटईवर ठेवली.

‘‘हे काय?’’ काकू म्हणाल्या.

‘‘हाड, आजी. म्हशीचं,’’ नातू म्हणाला.

‘‘माझ्या गाण्याच्या खोलीत? तंबोऱ्याच्या शेजारी? अरे, या घरात अंडंसुद्धा येत नाही!’’

कारागीर तंबोऱ्याच्या तारा सैल करत होता. तो काहीच बोलला नाही, पण इतक्या मुद्दाम बोलला नाही की नातवाला संशय आला. ‘‘काका, तंबोऱ्याची ती पांढरी घोडी कशाची आहे?’’

तंबोऱ्याच्या तबलीवर ज्या चपट्या घोडीवर तारा टेकतात, तिचा माथा जुन्या वाद्यांत हस्तिदंताचा किंवा सांबराच्या शिंगाचा असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते मार्ग बंद झाले. आता उंटाचं हाड चालतं, आबनूस चालतो, कृत्रिम पदार्थही चालतात. वरच्या टोकाला, गिटारीत नट असतो त्या जागी, तंबोऱ्याला दोन पट्ट्या असतात: अटी आणि तारदान. एकीवर तारा टेकतात, दुसरीच्या भोकांतून ओवून खुंट्यांकडे जातात. त्याही बहुधा त्याच मालाच्या.

‘‘उंट हाय, काकू,’’ कारागीर शेवटी म्हणाला. ‘‘मागल्या खेपेले काकाजीनं बदलून घेतली होती. तुमाले सांगू नोको म्हनले.’’

काकू बराच वेळ तंबोऱ्याकडे बघत राहिल्या. दर खंडेनवमीला त्या त्याच घोडीवर हळदकुंकू वाहत आल्या होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि निर्णय दिला. ‘‘उंट शाकाहारी असतो.’’

‘‘मग म्हैसही शाकाहारीच असते, आजी.’’

म्हशीची पट्टी खोलीत राहिली.

तंबोरा मिरजेचा आहे हे काकू प्रत्येक वाक्यात एकदा सांगतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून दोनदा. मिरजेत हा धंदा उभा केला तो शिकलगारांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तसे फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. धार लावणाऱ्या हातांनी पुढे बोथट करण्यात नाव काढलं, कारण जवारी म्हणजे तेच. गिटारीच्या नटाला धारदार काठ हवा, तार तिथून एका बिंदूवर सुटली पाहिजे. तंबोऱ्याच्या घोडीला अगदी मंद, गोलसर उतार हवा, तार तिथून सुटता सुटता राहिली पाहिजे. थरथरताना ती त्या उताराला पुन्हा पुन्हा टेकते, तारेखाली सरकवलेला धागा ती जागा नेमकी ठरवतो, आणि त्या टेकण्यातून झण्णकार उठतो. गिटारीत ज्या आवाजासाठी पोरगं ओसरीवर गाल धरून बसतं, त्याच आवाजासाठी काकू कारागिराला रिक्षाभाडं देऊन घरी आणतात. आणि तंबोऱ्याच्या तारा जन्मभर मोकळ्याच वाजतात, त्यांच्यावर कोणी बोट दाबत नाही. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नटाच्या मालावरून जे काही भांडण होतं, ते खरं तर तंबोऱ्यावर व्हायला हवं. पण तंबोरेवाले पोहे खायला बाहेर येत नाहीत, घरी मागवतात.

तंबोऱ्याच्या या झण्णकाराचं कोडं सी. व्ही. रामन यांनाही पडलं होतं. आणि नागपूरकराने हे जरूर माहीत करून घ्यावं की १९१० साली रामन नागपुरात होते, सरकारी हिशेब खात्यात, अधिकारी म्हणून. नोबेल मिळायला अजून वीस वर्षं होती. त्या वेळी ते कुठले हिशेब तपासत होते याचं आज कोणाला पडलेलं नाही, पण हिशेबाची खोड त्यांनी पुढे तंबोऱ्यालाही लावली. १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध छापला. पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा नियम असा की तार जिथे छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची थरथर शून्य असते ते उपस्वर वाजूच नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते वाजतात. नियमाप्रमाणे जमेला नसलेले स्वर प्रत्यक्षात हजर. हिशेब खात्यातल्या माणसाला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी नाही. रामन यांनी कारण शोधलं ते त्या घोडीच्या रुंद, वक्र माथ्यात. म्हणजे मिरजेतल्या कारागिराने कानशीने जे केलं होतं, त्याची नोंद विज्ञानाच्या वहीत नंतर झाली.

काकूंच्या खोलीत दुपार सरली तोवर कारागिराने तंबोऱ्याची घोडी घासली, धागा सरकवला, पुन्हा घासली, कान लावला. चौथ्या तारेचा खर्ज एकदम उघडला आणि सगळी खोली त्याने भरली. काकूंनी डोळे मिटले. नातवाने मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतलं. मग कारागिराने गिटार उचलली. तिच्या पाचव्या तारेची खाच कोणी तरी आधी सपाट करून ठेवली होती, तार झण्णकारत होती. त्याने वेल्डिंगची दातेरी तार हातात घेतली.

‘‘थांबा, थांबा,’’ नातू म्हणाला. ‘‘ती राहू द्या.’’

‘‘खरखरते न बे थे.’’

‘‘खरखरत नाही, जवारी आहे. बाहेर यासाठी वेगळी गिटार निघाली होती, १९६७ साली. इलेक्ट्रिक सितार म्हणायचे. मुद्दाम असा आवाज येईल असा तिचा ब्रिज. तुम्ही बाकीच्या पाचांनाही असंच करून देता का?’’

काकूंनी डोळे उघडले. कधी नव्हे ते त्यांना नातवाचं पटलेलं दिसत होतं. ‘‘देऊन टाका हो करून. निदान वेळेवर झोपेल तरी.’’

कारागिराने गिटार मांडीवरून उतरवून चटईवर ठेवली आणि पेन्सिल परत कानावर खोचली.

‘‘खरखर काढाचे तीनशे,’’ तो म्हणाला. ‘‘टाकाचे हजार. टाकाले येळ लागते, अन् पुढच्या मयन्यात हाच पोरगा काढाले घेऊन येते. थे तीनशे आताच देऊन ठेवा.’’